जनरेटर चारला लागतो

९ जून, सोमवार

— तरी मी म्हणतेच, आईचं चुकतंय. "दुसऱ्याचं खोटं मोजायचं, ही काय नोकरी झाली?" हे सकाळपासून तिसऱ्यांदा. अगं आई, कुणीतरी मोजायलाच हवं ना! इतकी वर्षं आपण टीव्हीसमोर बसून शिव्या देतोय. त्याने काय झालं? ते तसेच बोलतायत आणि आपण तसेच बसलोय.

तर — पहिला दिवस झाला! दफ्तर म्हणजे फर्न अल-शुब्बाक भागात बेकरीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. जिन्यात ज़ातर मसाल्याचा वास, वर नुसती धूळ. आमचे सर, उस्ताज वज्दी, तीस वर्षं एका पेपरच्या कात्रण विभागात होते. पेपर बंद पडला, तेव्हा कात्रणं घरी घेऊन आले आणि टीव्हीवरचं खोटं मोजायचं हे काम सुरू केलं. इतकं हळू बोलतात की ऐकायला पुढे वाकावं लागतं. दुसरी तालीन. आर्मेनियन, बुर्ज हम्मूदची. माझ्याच वयाची, पण चेहरा असा की सगळं जग तिचं आधीच बघून झालंय.

नियम तीन. एक — आपण स्वतः टीव्हीवरून रेकॉर्ड केलेलंच धरायचं. चॅनेलवाले नंतर इंटरनेटवर टाकतात ना, तेव्हा नेमका खोटा तुकडाच कापतात. दोन — निळ्या रजिस्टरमध्ये पेनानेच लिहायचं. कोण बोललं, काय बोललं, पुरावा काय, पकडलं कुणी. तीन — रजिस्टरचं शेवटचं पान आपलं स्वतःचं. आपण चुकलो तर ज्याची चूक त्याने आपल्या अक्षरात, कारणासकट, तिथे लिहायची. मी लगेच उघडून पाहिलं. कोरं! चार वर्षांत एक ओळ नाही! एवढा अभिमान वाटला ना मला.

काम चारनंतर. बिल्डिंगचा जनरेटर अबू रबीअ चारला लावतो. त्याआधी दफ्तर म्हणजे अंधारं कपाट. सरकारी वीज? तिच्याबद्दल न बोललेलंच बरं.

१२ जून, गुरुवार

उस्ताज विचारत होते, सकाळचे शो घरून रेकॉर्ड करशील का. बाबांनी गच्चीवर सोलर पॅनेल लावलंय ते त्यांना कळलंय. रेकॉर्डिंगचं एक जादा मशीनही दिलं. म्हटलं, सकाळी तर जिथे तिथे खासदार हातिम बर्राजच असतो, त्याचं काय पकडायचं! ते हसले. मशीन टीव्हीखाली ठेवलंय. बघू. (सकाळी साडेआठ! कोण उठणार?)

१३ जून, शुक्रवार

आईने मशीनवर क्रोशाचा रुमाल घातला. वर फुलदाणी. छान दिसतंय.

२६ जून, गुरुवार

पकडला!! माझा पहिला! नौफल शिदयाक.

हा माणूस आठवड्यातून तीनदा संध्याकाळी साडेआठला असतो. राजकीय विश्लेषक म्हणे. कधी कुठल्या पक्षात नव्हता, पण सगळ्या पक्षांच्या स्वयंपाकघरातलं याला माहीत. भुवया वर करायच्या, टेबलावर पेन आपटायचं आणि म्हणायचं, "माझ्याकडे माहिती आहे." मग काहीही. एप्रिलमध्ये म्हणे दोन आठवड्यांत वीज बारा तास. मेमध्ये म्हणे, मी असं म्हणालोच नव्हतो. आज म्हणाला की बंदरातल्या स्फोटाच्या चौकशीची फाईल त्याने स्वतः पाहिलीय. सदतिसाव्या पानावर एक नाव आहे म्हणे. तालीनने दोन फोन केले. फाईल एकतीस पानांची आहे.

रजिस्टरमध्ये 'पकडलं कुणी' च्या रकान्यात माझं नाव अगदी सावकाश, कोरून लिहिलं. "पहिलं लग्न असल्यासारखी लिहितेयस," तालीन म्हणाली.

३१ जुलै, गुरुवार

जुलैचा खोटारड्यांचा तक्ता बाहेर पडला. नौफल पहिला! दुसऱ्या नंबरवाल्याच्या दुप्पट. लोकांनी फोनवरून फोनवर नुसता पाऊस पाडला. खालच्या बेकरीवाल्याने तक्ता काचेवर चिकटवला आणि आमच्याकडून मनाकीश रोट्यांचे पैसेच घेतले नाहीत.

आईसुद्धा हसली. मग म्हणाली, "बघ, आपला हातिम नाही यात. मी म्हणत नव्हते?"

आपला हातिम म्हणजे हातिम बर्राज, खासदार. बैठकीच्या खोलीत त्याचा आणि माझा फोटो आहे. मी अकरावीत असताना इंग्लिश डिबेटचा कप मला त्याच्याच हातून मिळाला. खाली वाकून म्हणाला होता, "तुझ्यासारख्यांनी आम्हाला प्रश्न विचारले पाहिजेत." बाकीचे पाहुणे फोनमध्ये होते. याने माझं सगळं भाषण ऐकलं होतं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

तालीनचं मशीन बिघडलं. घरचं नेऊन दिलं. आई फुलदाणी कुठे ठेवायची म्हणून दिवसभर वैतागली.

३० सप्टेंबर, मंगळवार

सलग तिसरा महिना नौफल पहिला. जूनपासून एक्केचाळीस. मुलं रस्त्यात त्याला "माहितीवाला, माहितीवाला" म्हणून ओरडतात असं ऐकलं. बाबांच्या टॅक्सीत एक बाई त्याची नक्कल करत होती. बाबा हसले, पण मला सांगताना म्हणाले, "म्हातारा आहे गं तो."

म्हातारा असला म्हणून काय झालं!

३ ऑक्टोबर, शुक्रवार

चॅनेलने नौफलला काढलं. पंधरा वर्षांची खुर्ची! निवेदिका आमचा तक्ता हातात धरून वाचत होती. *आमचा* तक्ता.

क्नाफे मागवले. उस्ताजांनी एक घास घेतला आणि ताटली ठेवून दिली. गोड वर्ज्य आहे, म्हणाले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आजचं नीट लिहिते. एक शब्द इकडचा तिकडे नको.

साडेचारला दार वाजलं. तालीनने उघडलं आणि तशीच उभी राहिली. नौफल शिदयाक! टीव्हीवरचाच करडा सूट. पण टीव्हीवर मान दिसत नाही. मान म्हाताऱ्याची होती. तीन मजले चढून धापा टाकत होता. हातात मिठाईचा डबा. रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जायचं नसतं, मग ज्यांनी आपली खुर्ची घालवली त्यांचं दार का असेना.

मला वाटलं, आता शिव्या. मी मनात उत्तरंही तयार केली. त्याने नुसती खुर्ची ओढली. बसला. तालीनने कॉफीत साखर किती विचारलं, तर म्हणाला नको, आता कडूची सवय करतोय. तालीनला हसू आलं, तिने तोंड फिरवलं.

मग त्याने रजिस्टर मागितलं. उस्ताजांनी दिलं. आमच्या नियमात आहे, ज्याच्याबद्दल लिहिलं त्याने मागितलं तर दाखवायचं. आजवर कुणी मागितलं नव्हतं! चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून, त्याने स्वतःच्या एक्केचाळीसच्या एक्केचाळीस ओळी वाचल्या. अर्धा तास गेला असेल. एके ठिकाणी थांबला. म्हणाला, हे बंदराच्या फाईलचं मी त्याआधी मार्चमध्येही बोललो होतो, ते सुटलंय तुमच्याकडून.

उस्ताज म्हणाले, ते आम्ही रेकॉर्ड केलेलं नाही, धरता येणार नाही.

"म्हणजे नियम पाळता," तो म्हणाला. खरंच बरं वाटल्यासारखा म्हणाला. मग पानं पुढे-मागे केली. "मग सकाळचं पान कुठंय?"

मी म्हटलं, "सकाळचं कुठलं?"

"हातिम बर्राज सकाळी साडेआठला बोलतो. मी संध्याकाळी साडेआठला. तुमचा जनरेटर कधी लागतो, मुली?"

"चारला," मी म्हटलं. आणि म्हणतानाच कळलं, तो काय विचारतोय.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. "एक्केचाळीस लिहिलेत, ते कमीच आहेत. खोटं बोलल्याबद्दल काढलं असतं तर मी गप्प घरी बसलो असतो. पण तुम्ही वर लिहिलंत, 'देशातला एक नंबरचा खोटारडा'. हे कसं कळलं तुम्हाला? तुम्ही फक्त तुमच्या उजेडात आले तेवढेच मोजलेत."

तो उठला, कॉफी संपवली, आणि उस्ताजांना म्हणाला की जिन्यात कठडा लावून घ्या, लोक पडतील.

तो गेल्यावर उस्ताज बराच वेळ खिडकीपाशी उभे. मिठाईचा डबा तसाच टेबलावर.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी मोजायचंच, असं ठरलं. बाबांच्या जुन्या टॅक्सीची बॅटरी आहे, तिच्यावर टीव्ही आणि मशीन दोन तास चालतात. बाबांनी ती तीन मजले वर वाहून आणली. मी एका बाजूने धरली होती, म्हणजे नावालाच. "तुझ्या खऱ्यासाठी माझी कंबर गेली, बाबा," म्हणाले. (ते मला 'बाबा' म्हणतात, आई मला 'मामा', म्हणजे 'आई', म्हणते. आमच्याकडे सगळेच आईबाप असं करतात. शाळेत बाहेरून आलेल्या मिसना ते कधी कळलंच नाही. त्या पालकसभेत फार गोंधळायच्या.)

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी साडेआठ. मी आणि तालीन. अंधारात टीव्हीचा उजेड, खालून भाजल्याचा वास.

हातिम किती छान बोलतो! आवाज चढवत नाही. निवेदिकेला "आधी तुम्ही कॉफी घ्या" म्हणतो. मी अक्षरशः मान डोलवत होते. शेवटी म्हणाला, बँकांना वाचवणाऱ्या त्या कायद्याच्या विरोधात मी हात वर केला होता.

तालीनने नुसती नोंद केली. संसदेत हात वर करूनच मतं घेतात, नावं कुणी लिहीत नाही. त्यामुळे नंतर कुणीही काहीही म्हणू शकतो. पण हजेरी लिहितात! उस्ताजांच्या कात्रणांत त्या दिवसाची यादी सापडली.

त्या दिवशी तो सभागृहातच नव्हता.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

आज तालीनशी भांडले. नाही, भांडले नाही. तिने फक्त विचारलं.

हातिम म्हणाला की आमच्या भागातली नवी शाळा त्याने स्वतः निधी आणून बांधली. ती शाळा बाहेरच्या एका संस्थेने बांधलीय, दारावर पाटी आहे! मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'गैरसमज'. तालीनने वाचलं. मग पानं मागे उलटत गेली, जूनपर्यंत, नौफलच्या सगळ्या ओळींवरून.

"गीदा, हा रकाना नौफलच्या वेळी कुठे होता?"

मी 'गैरसमज' खोडलं. 'खोटं' लिहिलं. पेनाने खोडलेलं दिसतंच. दिसू दे.

२२ ऑक्टोबर, बुधवार

आज तीन. एका शोमध्ये.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळचे आठ शो, सतरा खोटी विधानं. नौफल एका शोला एक. हातिम एका शोला दोन, वर हसून — हे तालीनचं गणित. मला जुलै-ऑगस्टच्या सकाळी आठवतात. मी झोपलेली आणि तो बोलतोय, बोलतोय, बोलतोय. ते सगळं गेलं. आता कधीच मोजता येणार नाही.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "तू त्याच्या हातून कप घेतलास." एवढंच. मग भाजी निवडत बसली. पाठ माझ्याकडे.

फोटोतला तो अजून खाली वाकलेलाच आहे. तुझ्यासारख्यांनी प्रश्न विचारले पाहिजेत. विचारतेय ना!

३० ऑक्टोबर, गुरुवार

उस्ताज म्हणाले, चुकीची कबुली गीदा लिहील.

मला वाटलं होतं ते नको म्हणतील. चार वर्षं जपलेलं नाव! हातिमचे लोक म्हणणार, यांचं सगळंच खोटं. नौफलचे लोक म्हणणार, बघा. मधे आम्ही तिघं. मी तसं बोलूनही दाखवलं. उस्ताज म्हणाले, "ते शेवटचं पान मी शोभेला ठेवलेलं नाही."

लिहिलं. चार वेळा फाडलं, पाचव्यांदा जमलं. "आमचा जनरेटर दुपारी चारला लागतो. त्यामुळे सकाळचे कार्यक्रम आम्ही कधीच रेकॉर्ड करू शकलो नाही. आमच्या तीनही तक्त्यांत फक्त संध्याकाळी बोलणारी माणसं आहेत. नौफल शिदयाक यांची एक्केचाळीस विधानं खोटी आहेत, ती तशीच राहतील. पण त्यांना पहिला नंबर देण्याचा आम्हाला अधिकार नव्हता." खाली हातिमच्या सतरा ओळी, पुराव्यासकट.

उस्ताजांनी वाचलं. परत वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कारण एवढंच?"

"हो. एवढंच."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, तर मग शेवटच्या पानावरही हेच उतरव, तुझ्या अक्षरात. मी उतरवलं. त्या पानावरची पहिली ओळ!

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रसिद्ध झालं. फोन बंद करून ठेवलाय.

१ नोव्हेंबर, शनिवार

फोन सुरू केला. शिव्या आहेत, भरपूर. हातिमच्या माणसांनी माझा शाळेतला फोटो टाकलाय, तोच, कपवाला, खाली 'कृतघ्न'. पण बाकी! किती लोक! कुणी लिहिलंय, आयुष्यात पहिल्यांदा या देशात कुणी स्वतःहून 'आम्ही चुकलो' म्हणालं. एका मास्तरांनी वर्गात वाचून दाखवलं म्हणे. बेकरीवाल्याने जुना तक्ता काढून हे पत्र चिकटवलंय. मनाकीश पुन्हा फुकट.

हातिम आज सकाळी टीव्हीवर आला नाही. 'तब्येतीच्या कारणाने.'

नौफलचा फोन आला. चॅनेलने परत बोलावलंय. मी अभिनंदन म्हटलं, तर म्हणाला, "माझ्या एक्केचाळीस ओळी खोडू नकोस हां. आता बोलताना त्या आठवतात, बरं पडतं." मग म्हणाला — "तुझ्या जागी मी असतो तर जनरेटरचं सांगितलं नसतं. दुसरं काहीतरी रचून सांगितलं असतं."

फोन ठेवल्यावर मी रडले. आनंदानेच बहुतेक.

२ नोव्हेंबर, रविवार

त्याच चॅनेलने मला बोलावलंय! उद्या संध्याकाळी साडेआठ, थेट प्रक्षेपण. विषय — स्वतःची चूक सांगायचं धाडस. सोबत रजिस्टर आणा, शेवटचं पान कॅमेऱ्यात दाखवू, म्हणाले. उस्ताजांनी रजिस्टर दिलं. कापडात गुंडाळून. म्हणाले, आता हे तूच सांभाळ, माझे डोळे गेले.

आईने माझा निळा शर्ट इस्त्री केला. बोलली नाही, पण केला.

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी बाबांबरोबर बॅटरी परत आणायला गेले. जिना उतरताना ते सहज म्हणाले, "एवढं ओझं आपण उगीचच वाहिलं, बाबा. जूनमध्ये ते मशीन घरी होतं ना, फुलदाणीखाली? गच्चीवर वीज होतीच की."

घरी येऊन मागची पानं उलटली. बारा जून. 'त्याचं काय पकडायचं!' माझं अक्षर. उद्गारचिन्हासकट.

उस्ताजांना आठवत होतं. म्हणून विचारलं त्यांनी, कारण एवढंच?

आता सहा वाजलेत. रजिस्टर समोर आहे. शेवटच्या पानावर माझ्या ओळीखाली खूप जागा आहे. टीव्हीवर हे बोलले तर उद्या हातिमचे लोक म्हणतील, यांची कबुलीही खोटी, मग सतराही खोट्याच. दफ्तर बुडेल. आणि नाही बोलले, तर निवेदिकेसमोर बसून मी जे सांगेन ते कुणी पकडणार नाही. तालीनला आमचं गच्चीवरचं सोलर माहीत नाही, बाबा विसरतील, उस्ताज बोलणार नाहीत.

हे पान कधी कुणी वाचलंच, तर सांगा — माझ्या जागी तुम्ही असतात, तर साडेआठला काय म्हणाला असतात?